सारावाकचं कापड

नवं धान घरात घ्यायचं तर आधी ढोली रिकामी करावी लागते. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, माणूसभर उंच. तळाशी उरलेलं जुनं धान ओढून काढायचं, आत कडुनिंबाचा पाला पसरायचा, मग वरून नवं ओतायचं. चंद्रकांताला सातवा लागलेला, म्हणून सासूनं तिला शिडीवर चढू दिलं नव्हतं. ढोलीच्या खालच्या तोंडाशी बसून ती हातानंच धान ओढत होती, आणि ओढता ओढता हाताला धानाऐवजी काहीतरी गुळगुळीत लागलं.

काळ्या प्लास्टिकचं गाठोडं होतं, सुतळीनं आवळलेलं. सुतळीची एक गाठ सुटली, प्लास्टिक जरा फाकलं आणि आतून काताच्या रंगाचं, जाडसर, जुनं कापड दिसलं. तेवढ्यात अंगणातून तिचा नवरा उमेंद्र आला. हिसकलं नाही त्यानं. लेकरानं उचललेला विळा आपण हळूच काढून घेतो, तसं ते गाठोडं तिच्या हातून घेतलं.

"कापड आहे," तो म्हणाला. "तुझ्या कामाचं नाई."

आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवून त्यानं कुलूप लावलं. कुलुपाचा आवाज चंद्रकांतानं बाहेर बसून ऐकला.

तिला खटकलं ते हे, की उमेंद्र वस्तू लपवणारा माणूस नव्हता. चैतात तो परदेशी कामावरून, सारावाकहून, आला तेव्हा तिच्यासाठी आणलेली साडी त्यानं अर्ध्या गावाला दाखवली होती. बापासाठी आणलेली बॅटरी तर गावभर फिरली. आणि हेच एक कापड त्यानं धानाच्या पोटात पुरून ठेवावं? तेही आल्या आल्या, कोणाच्या नजरेला न पडू देता?

उमेंद्र कोहळी समाजाचा पोर. इटियाडोह धरणाचा नहर यायच्या कितीतरी आधी त्याच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले. कुठली माती पाणी धरते आणि कुठली सोडते, हे या घरात पोरांना शिकवावं लागत नाही. गोंदियाच्या एका एजंटामार्फत तो समुद्रापलीकडे, बोर्निओ बेटावरच्या सारावाकात एका धरणाच्या कामावर गेला, मातीकामाचा मुकादम म्हणून. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस मुदतीच्या आधीच परत आला. घरच्या ओढीनं आला, असं सगळे म्हणाले. चंद्रकांताही तेच म्हणाली होती, आणि तेव्हा तिला ते म्हणताना गोड वाटलं होतं.

आता ढोलीतलं गाठोडं हाताला लागल्यावर मागचं एकेक आठवू लागलं. दिवाळीनंतर त्याला फोन येऊ लागले होते. फोन वाजला की तो नंबर पाहायचा, जेवणावरून उठायचा आणि घरामागच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बोलायचा. बोली तिकडची, इथल्या कोणाच्या कानाला तिचा धागा सापडू नये अशी. पण आवाज कळतो. पलीकडे बाई असायची. बोलून आला की तो थंड झालेल्या भातात नुसती बोटं फिरवत बसे.

शेजारची शामकला नात्यानं जाऊ. दोघी वावरात लाखोरीची कोवळी भाजी खुडायला बसल्या, तेव्हा चंद्रकांतानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. पण शामकलाला सांगावं लागत नाही. निळ्या फुलांमधून हात चालवत ती आपल्याशीच गुणगुणली,

परदेसाचा वारा आला, फुफाटा उडे कोनाचा,
घरधनी म्हनू का बाई, पावना दोन दिसाचा.

"कोनावर जोडलं हे?" चंद्रकांतानं विचारलं.

"कोनावर नाई वो. तोंडात आलं." मग भाजीची जुडी ओच्यात टाकत म्हणाली, "तिकडंबी भातच पिकते म्हनतेत. इतके दिस भात खाऊन आला तुझा मानूस. रांधून कोन देत असंन, इतकंच इचारून रायली."

चंद्रकांता हसली. हसावंच लागतं. पण त्या दिवसापासून तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. पहिलं बाळंतपण माहेरी. संक्रांत झाली की तिचा भाऊ हिमांशु न्यायला येणार होता. तो येण्याआधी तिला खरं कळायला हवं होतं. तिकडे बाई असेल, तर लेकरू मांडीवर घेऊन या उंबऱ्यात परत यायचं नाही. आईबापांना काय सांगायचं ते तेव्हा पाहू.

इतकं ठरवल्यावर माणसाचे डोळे बदलतात. तिनं त्याच्या झोपेतल्या कुशीसुद्धा मोजल्यासारख्या पाहिल्या. तो पाणी मागायचा तर वाटे, गोड बोलून मागतो आहे. नाही मागितलं तर वाटे, तोंड चुकवतो आहे. एकदा त्यानं तिच्या पायांना आलेली सूज पाहून तेल गरम करून आणलं, आणि तेल चोळणाऱ्या त्या हातांकडे ती अशी पाहत राहिली, जसे ते हात दुसरीकडून शिकून आले असावेत.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी उमेंद्र अर्जुनीच्या बाजाराला गेला. धुवायला टाकलेल्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेटीची किल्ली निघाली. विसरला, की तिनं उघडावी म्हणून ठेवली? दोन्ही शंका तिला एकदमच आल्या. सासरा ग्यानीराम नहरावर गेला होता आणि सासू फुलवंता अंगणात धान पाखडत होती. चंद्रकांतानं आतून कडी लावून पेटी उघडली.

कापड उलगडलं तर अख्खी खाट झाकून खाली लोंबलं. दोन पट्टे मधोमध शिवून एक केलेले. जमीन लाल-तपकिरी, वाळल्या रक्ताच्या किंवा जुन्या विटेच्या जवळ जाणारी, आणि तिच्यावर दुधात हळद पडल्यासारख्या फिक्या रंगाची नक्षी. आधी ती नुसतीच वेलबुट्टी वाटली. मग नजर बसली तशी त्या वेलीतून माणसं निघाली, हात वर केलेली. त्यांच्या मधून एक लांबट जनावर शेपूट वळवून गेलं होतं, मगरीसारखं. सूत घरचं, हातानं कातलेलं. वापरून वापरून इतकं मऊ झालेलं, की खेडवळ बाईला त्या मऊपणाची किंमत सांगावी लागत नाही. चार पिढ्यांच्या अंगाला लागल्याशिवाय सूत असं होत नाही. वास धुराचा, आणि त्या धुराखाली आणखी कशाचा तरी.

मधल्या शिवणीत एक केस अडकला होता. लांब, बाईचा.

 रडू आलं नाही. तिनं तो केस चिमटीत धरला, कडी काढली आणि उन्हात आली. खोलीतल्या अंधारात काळा वाटलेला केस उन्हात धरला तर पांढरा निघाला. चांदीच्या तारेसारखा, मुळापासून टोकापर्यंत पांढरा.

म्हातारीचा केस. चंद्रकांता उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पण श्वास सुटायच्या आत दुसरी शंका आत शिरली. कोण म्हातारी आपलं चार पिढ्यांचं कापड परक्या माणसाला देईल? दिलं असेल तर लपवायचं कशाला? मुदतीआधी आला, तो कशापासून पळून आला?

या विचारात ती कापड उन्हात आणून न्याहाळू लागली आणि तिथंच चुकली. फुलवंतानं सूप खाली ठेवलं.

फुलवंता कापडाजवळ आली, पण हात लावला नाही. लुगड्याचा पदर तोंडावर धरून ती दोन्ही बाजूंनी फिरली. कुठून आलं, कधीपासून आहे, कोणी ठेवलं, एवढं विचारलं. चंद्रकांतानं आहे तेवढं सांगितलं.

"हात वर करून उभे आहेत," फुलवंता म्हणाली. "पाय कोनालेच नाईत. पोटुशी बाई अन् हे कापड एका घरात नाई राहाचं."

सुनेनं म्हटलं की ते येईपर्यंत तरी थांबा, माय. पण फुलवंतानं गोठ्यातली काठी आणली, कापड काठीवर उचललं आणि ती तलावाकडे चालू लागली.

गावच्या तलावाच्या मातीच्या बांधाला, पाळीला, जिथं टोक येतं, तिथं एक मोहाचं झाड आहे. माणूस मेला की दहाव्यानंतर त्याचे कपडे, वाकळ, पांघरूण त्या झाडाखाली नेऊन ठेवायचं आणि मागं वळून न पाहता घरी यायचं. मग ज्याला गरज असेल तो ते उचलतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही. उलट कोणी लवकर उचललं तर मेलेल्याचा जीव सुटला, असं मानतात. पौषातल्या थंडीत तिथली वाकळ दिवसभरसुद्धा टिकत नाही. फुलवंतानं ते परदेशी कापड तिथं ठेवलं, तलावात हातपाय धुतले आणि परत येऊन पुन्हा सूप हातात घेतलं.

उमेंद्र दुपारी आला. पेटी उघडी पाहून त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं अंगणाकडे. फुलवंतानं सूप न थांबवता सांगून टाकलं की पाळीवर ठेवून आली, ज्याला पाहिजे तो नेईल. बाजाराची पिशवी दारातच टाकून तो पळाला. चंद्रकांता मागून निघाली. पोट सांभाळत, बांधाबांधानं, सासूच्या हाका मागे सोडत.

ती पोचली तेव्हा कापड तिथंच होतं आणि तो त्याच्यापुढे उकिडवा बसला होता. उचलत नव्हता. हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

"उचला ना," ती म्हणाली. "तुमचंच आहे."

"असंच उचललं होतं मी," उमेंद्र म्हणाला. "असंच ठेवलेलं."

मग तो बोलू लागला. तिच्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहत, तुकड्यातुकड्यानं.

धरणाचं पाणी वरच्या अंगाला चढत होतं. नदीकाठी इबान लोकांचं एक लांब घर होतं. लाकडी खांबांवर उभं, एका छपराखाली अख्खं गाव नांदेल असं. सगळी बिऱ्हाडं वरच्या नव्या वस्तीत हलली होती. उमेंद्र पाण्याच्या खुणा पाहायला तिकडून फिरत होता. रिकाम्या घराच्या लांबच लांब ओसरीत त्याला दोऱ्यांवर टांगलेली कापडं दिसली. मध्ये माणूस निजेल एवढी जागा सोडून चारी बाजूंनी पडद्यासारखी. खाली बशीत वाळलेला भात, विडा, विझलेला दिवा. त्याला वाटलं, कळलं. इथं कोणी मेलं आहे, मेलेल्याची कापडं सोडून घरचे गेले आहेत, आपल्या पाळीवर सोडतात तशीच. चार दिवसांनी हे सगळं पाण्याखाली जाणार. एक तरी वाचवावं, म्हणून त्यानं सगळ्यात जुनं होतं ते काढून घेतलं. मन खालीवर झालं नाही. उलट पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं.

गाडीचा ड्रायव्हर तिकडचाच होता. त्याच्याकडून नंतर कळलं. त्या घरची म्हातारी घर सोडायला तयार नव्हती, हलायच्या आदल्या दिवशीच गेली. तिला त्या कापडांच्या आत निजवलं होतं. दहन नाही, डोंगरावर पुरलं. आणि दुखवट्याचे दिवस भरेपर्यंत ती कापडं हलवायची नसतात. दिवस भरले की घरच्या बायका येऊन आपल्या हातानं उतरवतात, तेव्हाच दुखवटा उठतो. त्यातलं ते जुनं कापड म्हातारीच्या आजीनं विणलेलं. तिला ती नक्षी स्वप्नात दिसली होती म्हणतात. त्यांच्या घरातलं प्रत्येक लेकरू पहिल्यांदा नदीवर नेलं ते त्याच कापडात गुंडाळून.

बायका पाणी चढायच्या आत आल्या. एक कापड कमी होतं.

"मग देऊन काऊन नाई टाकलं?" चंद्रकांतानं विचारलं.

तोवर चोरी झाली असा बोभाटा झाला होता, तो म्हणाला. परक्या माणसानं मेलेल्याचं कापड नेलं म्हणून सगळ्या मजुरांच्या पेट्या-पिशव्या उघडून पाहणी होणार होती. तो भ्याला. मुदतीआधीच निघून आला.

"अन् फोन?"

म्हातारीची नात कामावरच्या एकेका माणसाला शोधून फोन करत होती, उमेंद्र म्हणाला. ती कधी भांडली नाही. तब्येत विचारायची, घरच्यांचं विचारायची, आणि शेवटी एवढंच, की कोणी नेताना पाहिलं का. आणि तो दर वेळी म्हणायचा, नाही पाहिलं. उचलला नसता तर संशय आला असता, म्हणून फोन उचलायचाच.

"त्यांचं सुतक अजून फिटलं नाई," तो म्हणाला. "चैतापासून."

चंद्रकांता मोहाच्या मुळावर बसली. पायांत गोळे आले होते. गोष्ट ऐकली, पण मन मात्र तिथंच उभं होतं, दारात अडसर घालून. इतकी नीट गोष्ट. एवढे महिने धुऱ्यावर बसून जो माणूस त्या बाईशी खोटं बोलला, तो बायकोशी बोलणार नाही कशावरून?

"फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. चेहरा दिसन असा."

तो थांबला. तेवढं थांबणं तिला पुष्कळ झालं. त्या एका क्षणात तिनं माहेरचं दार पाहिलं, आई पाहिली, बापाचा खाली गेलेला चेहरा पाहिला. मग उमेंद्रनं खिशातून फोन काढला, लावला आणि स्वतः न धरता तिच्या हातात दिला.

तिकडे सांज झाली असावी. पडद्यावर एक बाई आली. तिशीची, गोरी, नीटस, मोकळ्या केसांची, अंगात काळं.  बाई आधी हसली, मग अनोळखी चेहरा पाहून गोंधळली.  चंद्रकांतानं फोन वळवला आणि मोहाखालच्या कापडावर धरला.

 मग बाईनं मागे वळून हाक मारली. धावत्या पावलांचे आवाज आले, एकेक चेहरा पडद्यात दाटला. कोणी उमेंद्रचं नाव घेतलं नाही, कोणी कसं-कुठं विचारलं नाही. त्यांच्यातली एक साठीची बाई पुढे आली. तिनं हात पडद्यावर ठेवला, सगळा पडदा तळव्यानं काळोखला, आणि त्या काळोखातून तिचा आवाज आला. ती रडत होती, पण नुसती नाही. लांब हेल काढून, एकेक ओळ जोडत, मेलेल्या आईला काहीतरी सांगत रडत होती.

एक अक्षर कळलं नाही चंद्रकांताला. पण असं रडणं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. आपल्याकडच्या बायका मढ्याजवळ बसून असंच रडतात. सुख सांगतात, दुःख सांगतात, राहून गेलेलं सांगतात, आणि रडता रडता त्याचं गाणं होतं. बनवून असं रडता येत नाही कोणाला. फोन धरलेला तिचा हात भरून आला तरी तिनं खाली केला नाही. गाणं संपेपर्यंत कापड त्यांना दिसत राहिलं.

फोन बंद झाल्यावर उमेंद्र म्हणाला, "पटलं ना आता?"

"बाई नाई, हे पटलं."

"मग?"

"मग काय. इतके दिवस खोटं बोलत होते, अन् तुमचा आवाज एकदाबी हलला नाई. मी आयकत होते ना घरातून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते कसं इसरू?"

तो म्हणाला, कुरियरनं पाठवून देतो, उद्याच गोंदियाला जातो. ती नाही म्हणाली. कापड उचलताना हात होते, तर ठेवतानाही हातच पाहिजेत. तो म्हणाला, तिकडे त्यांची पंचायत बसेल, दंड करतील, सगळ्यांसमोर उभं करतील. ती म्हणाली, करतील.

कापड घरात न्यायचं नव्हतं, फुलवंता दारात काठी घेऊनच उभी असणार. ते दोघांनी मिळून झटकलं, चार पदरी घडी घातली आणि उमेंद्रनं गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं. या वेळी उघड्यावर. ज्यानं ज्यानं विचारलं त्याला त्यानं स्वतः सांगितलं, काय आहे ते आणि कोणाचं ते. शामकला ऐकून गेली, पण यावर तिनं ओळ जोडली नाही. फुलवंतानं तेवढ्यापुरता एकच प्रश्न विचारला, की त्या म्हातारीला लेकी किती. मग माळ्याकडे पाहून तिनं हात जोडले.

संक्रांत झाली, हिमांशु गाडी घेऊन आला. बहिणीचा चेहरा पाहून त्यानं दोनदा विचारलं, काही झालं का, दाजी काही बोलले का. तिनं दोन्ही वेळा नाही सांगितलं, आणि हेही खोटंच होतं, हे तिला गाडीत बसताना कळलं. उमेंद्र पिशव्या ठेवायला आला. बारशाला यायचं ना मी, त्यानं हळूच विचारलं. ती म्हणाली, तिकडून आलात की या.

माघ अर्धा सरला. एका सकाळी माहेरच्या अंगणात ती केस वाळवत असताना फोन वाजला. पडद्यावर उमेंद्र होता. अंगावर कोणाचा तरी सैल सदरा, डोळे जागरणानं सुजलेले. मागे नव्या लाकडाची लांब ओसरी. दंड झाला, तो म्हणाला. डुक्कर, कोंबडे, एक मातीचा मोठा रांजण. काय काय द्यावं लागेल ते अजून सांगून राहिले आहेत. आज सकाळी बायकांनी कापड दोरीवर टांगलं, थोडा वेळ ठेवलं, मग सगळ्यांनी मिळून उतरवलं. त्या साठीच्या बाईनं अंगातलं दुखवट्याचं काळं काढलं. ते पाहून मीच रडलो, तो म्हणाला, मला परत परत भात खाऊ घालून राहिल्या आहेत. मग भीत भीत, "आता तरी इस्वास बसन?"

चंद्रकांता त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. पोटात लेकरानं पाय मारला. तिचा हात तिथं गेला.

"फोन फिरवा जरा," ती म्हणाली. "सगळं घर दाखवा."

उमेंद्रनं फोन वळवला. हळूहळू, घाई न करता, एकाही कोपऱ्याला न टाळता त्यानं ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आणि ती एकेक चेहरा पाहत गेली.